गावाचा रस्ता आणि नवख्याचा हप्ता

आपल्याकडे मोटारगाडीचा विमा उतरविणारी कंपनी गाडीची इंजिनक्षमता विचारते, तिचे वय विचारते, तिची नोंद कोणत्या परिवहन कार्यालयात झाली हे विचारते. परंतु ती गाडी ज्याच्या हातून रस्त्यावर जाणार त्या इसमाला परवाना मिळून आठ दिवस झाले की अठ्ठावीस वर्षे, ही गोष्ट तिच्या दराच्या हिशेबात सहसा शिरत नाही. मनुष्यापेक्षा नंबरपाटीवर अधिक भरवसा ठेवण्याची ही रीत पाहून नवख्या चालकाने प्रथमदर्शनी आनंदच मानावा, कारण इंग्लंड-अमेरिकेत अठरा-वीस वर्षांच्या पोराच्या माथी जो अवाढव्य हप्ता मारला जातो त्यातून तो येथे सुटला. पण ही सुटका वाटते तितकी निखळ नाही. चालकाकडे न पाहणारी ही पद्धत गावाकडे मात्र पाहते, आणि गावाकडे पाहून जो बोजा हप्त्यावर चढतो त्याची झळ, ज्याच्या पदरी अद्याप कसलीच सवलत जमा झालेली नाही अशा नवख्यालाच सर्वांत अधिक लागते. ज्या रस्त्याच्या दुरवस्थेशी त्याचा काडीमात्र संबंध नाही त्या रस्त्याचा दंड त्याने भरावा, आणि आपण तो भरतो आहोत याचा त्याला पत्ताही लागू नये, हा व्यवहार माझ्या मते अन्यायाचा आहे.

या व्यवहाराचे मूळ शोधू गेल्यास १ जुलै २००२ पासून अमलात आलेल्या भारतीय मोटार दरपत्रकापाशी जावे लागते. त्या दरपत्रकाने खासगी मोटारींपुरते सगळ्या देशाचे दोन मुलूख पाडले. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे या आठ शहरांत नोंदलेल्या गाड्या झोन ‘ए’मध्ये गेल्या आणि बाकीचा समस्त हिंदुस्थान झोन ‘बी’मध्ये बसला, म्हणजे नागपूर, नाशिक, कोल्हापूर, पणजी आणि गडचिरोली ही ठिकाणे एकाच पंक्तीत आली. फरक किती, म्हणाल तर हजार सीसीपर्यंतच्या आणि पाच वर्षांच्या आतल्या गाडीला झोन ‘ए’मध्ये घोषित मूल्याच्या ३.१२७ टक्के आणि झोन ‘बी’मध्ये ३.०३९ टक्के. सहा लाखांच्या गाडीवर हा हिशेब मांडला तर एकीकडे १८,७६२ रुपये आणि दुसरीकडे १८,२३४ रुपये, म्हणजे अवघ्या ५२८ रुपयांचा भेद. मुंबईच्या गर्दीत गाडी हाकणे आणि गडचिरोलीच्या साग-मोहाच्या रस्त्यावर हाकणे यांतल्या जोखमीचे अंतर पाचशे अठ्ठावीस रुपयांत मोजणाऱ्या त्या काळच्या दरसमितीच्या सबुरीचे कौतुकच करावे लागेल.

त्यातही गंमत अशी की, झोन ठरतो तो गाडी कोठे नोंदली यावरून. ती कोठे धावते याची चौकशी कोणी करीत नाही. कोल्हापूरचा एखादा तरुण हिंजवडीत नोकरीला लागतो, वडिलांनी घेऊन दिलेली एमएच ०९ ची गाडी घेऊन येतो, आणि पुढची पाच वर्षे रोज सकाळ-संध्याकाळ वाकडच्या चौकात अडकूनही कागदोपत्री तो कोल्हापूरच्या निवांत रस्त्यांवरच असतो, कारण राज्यातल्या राज्यात नंबर बदलण्याची गरज पडत नाही. उलटपक्षी पुण्यात नोंदलेली, सात-आठ वर्षे वापरलेली गाडी दलालामार्फत लातूरकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावी विकली जाते, आणि ती घेणारा, बहुधा नुकताच परवाना काढलेला आणि पहिलीच गाडी घेणारा मुलगा, जन्मात कधी पुण्याच्या सिग्नलला न थांबताही पुण्याच्या विभागाचा दर भरतो. शिवाय जुन्या मालकाने क्लेम न करता साठविलेला बोनस गाडीबरोबर येत नाही, तो मालकापाशीच राहतो. त्यामुळे या नव्या मालकाची पाटी कोरी, आणि बोनसच्या फरकाची रक्कमही कंपनी त्याच्याकडूनच वसूल करते.

१ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, ज्याला व्यवहारात ओडी म्हणतात, त्याचे दर सरकारी बंधनातून मुक्त झाले. त्यानंतर जुने दरपत्रक पायरीदगडासारखे खाली राहिले आणि त्यावर किती सूट द्यावयाची हे प्रत्येक कंपनी आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवू लागली. ठरविताना ती गाडीचे मॉडेल पाहते, इंधन पाहते, आणि नोंदणीच्या पहिल्या चार अक्षर-अंकांकडे बारीक नजरेने पाहते. कारण कोणत्या आरटीओच्या गाड्यांनी गेल्या काही वर्षांत किती क्लेम केले याची नोंद तिच्या दफ्तरात असते. विम्याच्या एजंटांना हे पाठ असते. अमुक मालिकेला चांगली सूट मिळते, तमुक मालिकेला कंपनी हात आखडता घेते, हे ते चहाच्या टेबलावर बिनदिक्कत सांगतात. पण ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या विमापत्रावर सुटीनंतरचा आकडा तेवढा छापलेला असतो, आणि ती सूट कमी का मिळाली याचे कारण एका ओळीनेही दिलेले नसते. दोन मुलुखांचा जुना उघड भेद निदान सरकारी राजपत्रासारखा सर्वांना वाचता येत होता. आताचा भेद सूक्ष्म आहे, कदाचित अधिक खराही आहे, पण तो बंद कपाटात आहे.

आता ज्याला आपण ‘स्थानिक परिस्थिती’ असे मोघम नाव देतो ती प्रत्यक्षात कशी असते, हे पाहू. पुण्याच्या बाह्यवळणावर नवा कात्रज बोगदा ओलांडून नवले पुलाकडे उतरणारा जो लांबच लांब उतार आहे, तेथे सातारा बाजूने येणारी अवजड वाहने डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलवर सोडली जातात, उताराच्या जोरावर वेग घेतात, आणि पुलाजवळ स्थानिक वाहतुकीची रांग समोर दिसते तेव्हा तापलेले ब्रेक ऐनवेळी दगा देतात. २० नोव्हेंबर २०२२ रोजी याच ठिकाणी एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्या ठोकरल्या. त्या रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या नवशिक्याने आपली गाडी कितीही शिस्तीत, कितीही अंतर राखून उभी केली असली, तरी त्याच्या कौशल्याचा तेथे काय उपयोग होता? उतार आखणाराने आखला, वस्ती वाढू देणाराने वाढू दिली, सेवारस्ता वेळेवर न करणाराने केला नाही. आणि क्लेमची नोंद झाली ती मागून ठोकर खाणाराच्या विमापत्रावर.

कारण आपल्याकडचा बोनस क्लेम न करण्याचा आहे. चूक कोणाची, हा प्रश्न त्यात येत नाही. दुसऱ्याने येऊन धडक दिली तरी आपली गाडी लवकर दुरुस्त व्हावी म्हणून मनुष्य आपल्याच कंपनीकडे जातो, समोरच्याच्या विम्यातून भरपाई मिळविण्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढण्याचे त्राण आणि फुरसत फारच थोड्यांपाशी असते, आणि आपल्या कंपनीकडे गेले की वर्षाचा बोनस गेला. ज्या रस्त्यावर दुसऱ्याच्या चुकीने ठोकर बसण्याचा संभव अधिक, त्या रस्त्यावरच्या चालकाची बोनसची शिडी वारंवार कोसळते, मग तो स्वतः किती का सावध असेना.

दक्षिण महाराष्ट्रात दिवाळी सरली, कारखान्यांचे गाळप सुरू झाले, की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर संध्याकाळनंतर रस्त्यावर येतात. मागे लाल दिवा नाही, परावर्तक पट्टी असलीच तर चिखलाने माखलेली, ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला, आणि समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर पडत असताना ही काळी भिंत एकाएकी पुढ्यात उभी राहते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पंधरा-वीस दिवस भल्या सकाळी शहरातल्या मोकळ्या रस्त्यावर शिकलेल्या आणि आठचा आकडा काढून परवाना मिळविलेल्या मुलाला ही भिंत कोणी दाखविलेली नसते. कोकणात हीच गोष्ट धुक्यातल्या घाटवळणांची, मराठवाड्यात ती रात्री रस्त्यावर बसणाऱ्या गुरांची, आणि पुण्याच्या पेठांत ती दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या दुचाकींमधून गाडी काढण्याची.

आणि पाऊस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मुंबईच्या रस्त्यांवर जेथल्या तेथे सोडून दिलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या आंबिल ओढ्याने, आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीने तोच प्रसंग आणला. पुराचे नुकसान सर्वसमावेशक विम्यात मोडते, हे खरे. पण पाण्यात बुडून बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्यासाठी किल्ली फिरविली, पाणी इंजिनात ओढले गेले आणि इंजिन जाम झाले, तर ते नुकसान पुराचे नसून तुमच्या कृतीचे आनुषंगिक नुकसान आहे असे म्हणून कंपनी हात झटकते, आणि त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचे वेगळे संरक्षण वेगळा पैसा मोजून घ्यावे लागते. मुरलेला चालक अशा वेळी किल्लीला हात लावीत नाही, गाडी ढकलून बाजूला घेतो आणि टोइंगची वाट पाहतो. नवखा घाबरतो, मागचे हॉर्न ऐकून ओशाळतो आणि किल्ली फिरवितो. नालेसफाई झाली नाही म्हणून भुयारी रस्त्यात पाणी साचले, आणि अनुभव नाही म्हणून किल्ली फिरली. या दोहोंच्या मिळून होणाऱ्या लाख-दीड लाखाच्या खर्चात नालेसफाईचा वाटा कोठेच धरला जात नाही.

इतके मोठे प्रसंग सर्वांच्याच वाट्याला येत नाहीत. नव्या चालकाचा पहिला अपघात बहुधा सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाशी किंवा गल्लीतल्या रिक्षाशी होतो आणि त्यात बळी पडतो तो बंपर. हा बंपर प्लॅस्टिकचा असतो, आणि विम्याच्या शर्तींप्रमाणे रबर, नायलॉन व प्लॅस्टिकच्या भागांवर, ते नवे कोरे असले तरी, निम्मा घसारा धरला जातो. समजा बंपर सहा हजारांचा आहे. तीन हजार घसाऱ्यात गेले, पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपयांची सक्तीची कपात आहे ती झाली, राहिले दोन हजार. रंगकाम आणि मजुरी क्षणभर बाजूला ठेवू. गॅरेजमधला सल्लागार आर्जवाने म्हणतो, “क्लेम करू या ना साहेब, तुमच्या खिशातून फारसं काही जात नाही.” आता बोनसची शिडी पाहा: बिनक्लेमच्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. पहिल्याच वर्षी क्लेम केला तर पुढच्या वर्षी वीसऐवजी शून्य, त्यापुढे पंचवीसऐवजी वीस, पस्तीसऐवजी पंचवीस, पंचेचाळीसऐवजी पस्तीस, पन्नासऐवजी पंचेचाळीस. म्हणजे पाच नूतनीकरणांत मिळून एका वर्षाच्या ओडी हप्त्याचा बरोबर निम्मा भाग हातचा जातो. ओडीचा हप्ता नऊ हजार असेल आणि तो तसाच राहील असे धरले तर दोन हजारांच्या भरपाईसाठी साडेचार हजारांवर पाणी सोडले. बंपर-टू-बंपर नावाने ओळखले जाणारे संरक्षण घेतले तर घसारा वाचतो, पण त्याचा हप्ता निराळा, आणि बोनस जायचा तो जातोच.

हा हिशेब पुण्यातल्या, नाशिकमधल्या किंवा सातारच्या किती नवख्यांना कोणी समजावून दिला असेल? ज्यांना उमजतो ते किरकोळ क्लेम करीत नाहीत आणि दुरुस्ती खिशातून करतात, त्यामुळे अरुंद गल्ल्यांच्या शहरात राहण्याचा एक खर्च विम्याच्या आकडेवारीत उमटतच नाही. उमटतो तो ज्यांना कळत नाही त्यांच्यामुळे.

याहून मूलभूत अडचण निराळीच आहे. आपल्याकडे बोनस हा गाडीच्या मालकाचा असतो, चालकाचा नव्हे. वीस-बावीस वर्षांचा मुलगा वडिलांची गाडी चार वर्षे एकही ओरखडा न काढता चालवितो, आईला दवाखान्यात नेतो, बहिणीला स्टेशनवर सोडतो, गणपतीला सगळ्यांना गावी घेऊन जातो. त्या चार वर्षांचा बोनस वडिलांच्या नावे चढतो आणि मुलगा नोकरीला लागून स्वतःची गाडी घेतो तेव्हा त्याच्या खाती शून्य असते. हा बोनस मुलाकडे येण्याची वाट नियमांत आहे, नाही असे नाही. पण ती विमाधारकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या ताब्यात गेली तर उघडते, आणि सवलतीसाठी एवढी किंमत मोजण्याची इच्छा कोणत्याही सुपुत्राला होणार नाही. अर्थात उलटेही घडते: मुलाने धडाधड तीन क्लेम करविले तरी डाग लागतो तो वडिलांच्या विमापत्राला, आणि चिरंजीव आपल्या नव्या गाडीसाठी स्वच्छ नवखे म्हणून उभे राहतात.

परदेशातली मराठी कुटुंबे या बाबतीत निराळ्याच पेचात सापडतात. पुण्याच्या रहदारीत वीस वर्षे गाडी चालवून न्यू जर्सीत गेलेल्या गृहस्थाचा येथला अनुभव तेथील कंपन्या बहुधा मोजीत नाहीत, आणि चाळिशीत तो पुन्हा नवखा ठरतो. ब्रिटनमध्ये आपला परवाना बारा महिने चालतो आणि नंतर तेथली परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये चालकाचे वय आणि घराचा पोस्टकोड हे हप्त्याचे मोठे घटक आहेत, आणि स्त्री-पुरुष असा भेद करण्यास मात्र २१ डिसेंबर २०१२ पासून मनाई आहे. मला अधिक विचारार्ह वाटतो तो कॅलिफोर्नियाचा मार्ग. तेथील मतदारांनी नोव्हेंबर १९८८ मध्ये कौल देऊन असा कायदा करविला की, मोटार विम्याचा दर ठरविताना चालकाची वर्तणूक, वर्षाकाठी धावलेले मैल आणि चालविण्याचा अनुभव या तीन गोष्टींना याच क्रमाने अग्रमान असावा, आणि पत्त्यासारख्या बाकीच्या बाबींचे वजन त्यांच्या खाली राहावे. तेथील नवखाही अनुभवाअभावी अधिक भरतो, पण कशाबद्दल भरतो हे त्याला ठाऊक असते आणि वर्तणुकीने तो आकडा खाली आणणे त्याच्या हाती असते.

विमा व्यवसायातली जाणती मंडळी यावर म्हणतील की, जोखीम ती जोखीम. ती चालकामुळे आली की खड्ड्यामुळे, याच्याशी विम्याला कर्तव्य नाही, आणि ज्या भागात क्लेम अधिक तेथे हप्ता अधिक घेतला नाही तर त्याचा भार शांत भागातल्या विमेदारांवर पडेल. हा युक्तिवाद ओडीपुरता मला मान्य आहे. मुंबईच्या पाण्याचा खर्च गोंदियाच्या शिक्षकाने सोसावा असे मी म्हणणार नाही. परंतु तृतीय पक्षाच्या, म्हणजे थर्ड पार्टीच्या विम्याला तो लागू पडत नाही. हा विमा कायद्याने सक्तीचा आहे, तो नसेल तर पहिल्या गुन्ह्याला दोन हजार आणि पुढच्याला चार हजार दंड आहे, आणि तो चालकाच्या नव्हे, रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या रक्षणासाठी आहे. त्याचा दर सरकार ठरविते आणि तो देशभर एकच आहे: १ जून २०२२ पासूनच्या दराप्रमाणे हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, पंधराशेपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तो तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. हाही दर जिल्ह्याप्रमाणे बदलावा अशी मागणी अधूनमधून कानी येते. ती मान्य झाली तर ज्या जिल्ह्यात अपघात अधिक तेथे विमा महाग होईल, महाग झाला की नवखे आणि गरीब वाहनधारक तो टाळतील, आणि जेथे जखमींना भरपाईची सर्वांत अधिक गरज तेथेच बिनविम्याच्या गाड्या वाढतील. सक्तीच्या विम्याचा दर एकच राहिला पाहिजे, यात मला तडजोडीला जागा दिसत नाही.

ओडीत मात्र गावाचा हिस्सा असणारच, तर तो उघड असावा. देशभरातल्या मोटार विम्याची माहिती गोळा करणारी विमा माहिती संस्था २००९ पासून हैदराबादला आहे. अपघात कोणत्या ठिकाणी, कोणत्या वेळी झाला याची नोंद नकाशावरच्या बिंदूसह करणारी एकात्मिक अपघात नोंदप्रणाली आयआयटी मद्रास आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) यांनी उभी केली, आणि ती प्रथम राबविण्यात आली त्या राज्यांत महाराष्ट्र होता. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले की त्याला ब्लॅकस्पॉट म्हणावे, अशी सरकारी व्याख्याही तयार आहे. म्हणजे एकीकडे कोणत्या जिल्ह्यात क्लेम किती याचा हिशेब आहे, दुसरीकडे ते कोणत्या वळणावर घडतात याचा नकाशा आहे, आणि हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून नागरिकांपुढे मांडण्याचे तेवढे कोणी मनावर घेतलेले नाही. ते मांडले गेले तर अमुक चौक, अमुक भुयारी रस्ता, अमुक उतार यांपायी आपल्या शहरातल्या प्रत्येक विमेदाराला वर्षाला काय पडते, हे महापालिकेच्या सभेत नाव घेऊन विचारता येईल. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले १९८-अ हे कलम रस्त्याच्या सदोष आखणी-बांधणीबद्दल ठेकेदाराला आणि संबंधित अधिकाऱ्याला एक लाखापर्यंत दंड करू देते. त्या कलमाला बळ देणारा पुरावा याहून चांगला कोणता असणार? तूर्त सरकारचा या साखळीतला सहभाग असा की, रस्ता बिघडतो, क्लेम वाढतात, हप्ता वाढतो, आणि वाढलेल्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी सरकारजमा होतो.

चालकाच्या वर्तणुकीवर दर ठरविण्याची वाट जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने उघडून दिली. गाडी किती धावली आणि कशी चालविली गेली यावरून ओडीचा हप्ता ठरविणारी संरक्षणे आता विकता येतात. कमी धावणाराला कमी हप्ता, हे ठीकच आहे. ‘कशी चालविली’ याच्या मोजमापाविषयी मात्र मला धास्ती वाटते, कारण गाडीतले यंत्र अथवा फोनमधले ॲप जी लक्षणे टिपते त्यांत एकाएकी दाबलेला ब्रेक हे मोठे अवलक्षण धरले जाते. ज्या रस्त्यावर रातोरात उगवलेला, पांढरा पट्टाही नसलेला गतिरोधक आहे, जेथे म्हैस, बैलगाडी आणि उलट्या दिशेने येणारा दुचाकीस्वार हे नित्याचे प्रवासी आहेत, तेथे एकाएकी ब्रेक दाबणारा चालकच चांगला चालक होय. लंडनच्या किंवा अगदी एक्स्प्रेसवेच्या मापाने तालुक्याच्या गावातला सावध मुलगा आडदांड ठरेल, आणि दारातून बाहेर काढलेला गाव खिडकीतून पुन्हा हप्त्यात शिरेल. यंत्राचे माप त्या-त्या रस्त्याच्या सरासरीशी ताडून पाहिले तरच ही सवलत नवख्याच्या उपयोगी पडेल.

नियामकाकडून माझ्या अपेक्षा अवाजवी नाहीत. विमापत्रावर ओडी हप्त्याची फोड छापावी आणि नोंदणीच्या ठिकाणामुळे सूट किती घटली हे त्यात रुपयांत दाखवावे; क्लेमची जिल्हावार आकडेवारी दरसाल प्रसिद्ध करावी; ज्या क्लेममध्ये विमेदाराची चूक नसल्याचे सर्व्हेअरने नोंदविले आहे त्यात बोनस अबाधित राहावा; आणि घरातल्या गाडीवर नाव नोंदवून चालविणाऱ्या मुलामुलींचा निर्धोक काळ त्यांच्या परवान्याच्या क्रमांकाशी जोडून त्यांच्या पहिल्या गाडीच्या वेळी मोजला जावा. परवाने आणि विमापत्रे दोन्ही संगणकावर असताना या शेवटच्या गोष्टीला कोणती अडचण आहे, हे मला तरी दिसत नाही.

हे होईपर्यंत ज्यांच्या घरी यंदा पहिली गाडी येणार आहे त्यांनी इतके करावे: निदान तीन कंपन्यांचे दर त्याच नंबरमालिकेसाठी मागवावेत, सूट कमी असल्यास कारण लेखी विचारावे, पावसात बुडणाऱ्या भागात राहत असल्यास इंजिनाचे संरक्षण वगळू नये, आणि बंपरला पहिला ओरखडा आला की क्लेमच्या अर्जावर सही करण्यापूर्वी बोनसची शिडी एकदा कागदावर मांडून पाहावी.